तीन दिवस मागितले, रविवार मिळाला

पत्र

स. न. वि. वि.

मी गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून माझे वय ६७ आहे. माझा मुलगा ३४ वर्षांचा, अविवाहित, वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीत नोकरीला आहे. गेली सात वर्षे तो पणजीजवळच्या ताळगावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मालकाला आता तो फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने द्यायचा आहे, त्यामुळे ३० जूनला जागा सोडायची आहे. मुलाने चिखलीला एक लहान फ्लॅट ठरवला आहे. आम्ही उभयता तीन दिवस येऊन सगळे सामान बांधून देतो असे मी फोनवर म्हणालो, त्यावर "पाहिजे तर रविवारी या" एवढेच उत्तर मिळाले.

तो ताळगावात राहायला गेला तेव्हा माझ्या वडिलांनी करवून घेतलेले सागवानी कपाट आम्ही त्याला दिले होते. नव्या जागेत ते मावत नाही आणि "ऑनलाइन विकून टाकू का?" असे त्याने विचारले. "तुला योग्य वाटेल ते कर," असे म्हणून मी फोन ठेवला, परंतु तेव्हापासून मला नीट झोप नाही. मालक डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापणार असे म्हणतो. तो माझ्याच वयाचा आहे, तेव्हा मी त्याच्याशी बोलू का? आषाढ तोंडावर असताना नव्या घरात जाऊ नये असे पत्नीचे म्हणणे आहे. तिचे गुडघे दुखतात, तरी स्वयंपाकघर आपणच आवरणार असा तिचा हट्ट आहे. आम्ही जावे की न जावे?

– एक वडील, डिचोली

उत्तर

नमस्कार, मास्तर.

तुम्ही तीन दिवस देऊ केलेत आणि मुलाने रविवार घेतला. हे उत्तर तुम्ही नकार म्हणून धरलेले दिसते. मला ते आमंत्रण वाटते, फक्त मोजूनमापून दिलेले. सात वर्षे एकट्याने घर चालवणारा मुलगा जेव्हा वार सांगतो तेव्हा कोणते काम कोणत्या दिवशी करायचे याचा काही आराखडा त्याच्या मनात तयार असतो, आणि त्या आराखड्यात त्याने तुमच्यासाठी एक जागा ठेवलेली असते. तेव्हा जावे, रविवारीच जावे, सकाळी लवकर पोहोचावे आणि दिवेलागणीच्या आत परत फिरावे. डिचोलीहून ताळगाव तासाभराच्या अंतरावर आहे, त्यामुळे मुक्कामाचे कारण नाही. शनिवारी रात्री "जवळच आलो होतो" म्हणून दार वाजवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण घर सोडण्याच्या आदल्या रात्री माणसाला आपल्या पसाऱ्यात एकटे बसावेसे वाटते. पाहुण्यांसाठी गादी मोकळी करण्याचे ते दिवस नव्हेत.

आता रविवारी तेथे करायचे काय? मी तुमच्यापासूनच सुरुवात करते. तुम्ही आयुष्यभर फळ्यावर लिहिलेले आहे, तेव्हा खोक्यांवर नावे घालण्याचे काम तुमच्याइतके चांगले कोणी करणार नाही. अट एकच, की शब्द मुलाचे असावेत आणि अक्षर तुमचे. ही अट मी स्वानुभवाने घालते. माझा मुलगा पुण्यात कोथरूडची जागा सोडून बाणेरला गेला तेव्हा मी फोंड्याहून मोठ्या उत्साहाने गेले होते. एकोणीस खोकी मी स्वतः भरली आणि त्यांपैकी अकरा खोक्यांवर जाड पेनाने 'अत्यंत गरजेचे' असे लिहिले. उरलेल्या खोक्यांवर 'वरच्या कप्प्यातले', 'देव व इतर' अशी नावे होती. ती माझ्या फोंड्याच्या घरात अगदी बरोबर ठरली असती, कारण वरचा कप्पा कोणता हे तेथे सर्वांना ठाऊक आहे. इंटरनेटचे यंत्र त्याला चौथ्या दिवशी 'देव व इतर' मध्ये सापडले, आणि ते चार दिवस तो घरून काम करणार होता. त्याने मला काही बोलून दाखवले नाही. पुढच्या वेळी घर बदलले तेव्हा मात्र सगळे झाल्यावर कळवले.

तुमच्या मुलाला विचारून खोक्यावर खोलीचे नाव घाला, त्याखाली आतल्या दोन-तीन ठळक वस्तू लिहा आणि अनुक्रमांक टाका. तीच यादी एका वहीत उतरवून वही त्याच्या हातात द्या. पुस्तके लहान खोक्यांत भरावीत, कारण मोठे खोके पुस्तकांनी भरले की ते दोघांनाही उचलत नाही आणि तळातून फाटते. पहिल्या रात्री लागणारे सामान, म्हणजे चादर, टॉवेल, साबण, चार्जर, औषधे, चहाचे भांडे आणि कागदपत्रांची फाइल, एका वेगळ्या पिशवीत असावे आणि ती पिशवी टेम्पोत न जाता त्याच्यासोबत जावी. जड वस्तूंना तुम्ही दोघांनी हात लावू नये. फ्रिज आणि कपडे धुण्याचे यंत्र उतरवायला टेम्पोवाल्याची माणसे असतात, त्यांना त्याचेच पैसे मिळतात. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करून ठेवला आहे ना, तो उभाच नेला जातो ना आणि नव्या जागी पोहोचल्याबरोबर लगेच चालू केला जात नाही ना, एवढे पाहिले तरी पुरे.

जूनअखेरची हलवाहलव म्हणजे अर्धी लढाई पावसाशी असते, आणि या बाबतीत तुमच्या पिढीचा अनुभव खरोखर कामास येईल. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो आणि वर्षाला सुमारे ३,००० मिलीमीटर पडतो. महिना संपेपर्यंत भिंतींना ओल आलेली असते. ताडपत्रीच्या उघड्या टेम्पोपेक्षा बंद गाडी ठरवावी, तिचे भाडे जास्त असले तरी. पुठ्ठ्याचे खोके भिजले की लगद्यासारखे होते, म्हणून प्रत्येक खोक्याच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी पसरून मगच कपडे आणि कागद भरावेत. गादीला दोन्ही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळून चिकटपट्टी लावावी. जिन्याच्या तोंडाशी जुने गोणपाट टाकावे, म्हणजे हमालांचे पाय घसरणार नाहीत. जोराची सर आली तर अर्धा तास थांबावे, घाई करू नये. आणि तुमच्या पत्नीला एक गोष्ट आवर्जून सांगावी: "जाताना सगळे स्वच्छ धुऊन नेऊ" म्हणून शेवटच्या दोन दिवसांत चादरी आणि पडदे धुऊ नयेत. या हवेत ते वाळणार नाहीत, दमट कपडे बांधून ठेवले की दोन दिवसांत त्यांवर बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि ते ठिपके मग सहजासहजी जात नाहीत.

स्वयंपाकघर आवरण्याचा त्यांचा हट्ट मी समजू शकते. मे महिन्यात प्रत्येक गोव्याच्या आईप्रमाणे त्यांनी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून पाठवले असणार: सोलां (आमसुले), उकडे तांदूळ, फणसाची साठे, सुकी मिरची, आणि चिनीमातीच्या बरणीत मिठातले आंबे. पावसाळाभर पुरावे म्हणून दिलेले हे सगळे जेमतेम महिन्याभरात पुन्हा उचलावे लागणार आहे, आणि ज्या हातांनी ते भरले त्यांनाच ते कसे बांधावे हे कळते. तेव्हा एका खुर्चीवर बसून बरण्या आणि डबे बांधण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. त्यांच्या गुडघ्यांना ते झेपेल आणि मुलालाही ते पटेल. आंब्याची बरणी मात्र टेम्पोत घालू नये. तिच्या तोंडावर प्लास्टिक, त्यावर कापड आणि त्यावर सुतळी बांधून ती माणसाच्या मांडीवर बसूनच झुआरी नदी ओलांडते. मिठाचे पाणी सांडून बाकीच्या सामानाचे काय होते हे ज्याने एकदा पाहिले आहे तो दुसऱ्यांदा हा प्रयोग करत नाही.

गॅसचे काम रविवारच्या आधीच व्हायला हवे आणि ते मुलाने स्वतःच करावे. जोडणी दुसऱ्या वितरकाकडे न्यायची असेल तर सर्वसाधारणपणे सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यावे लागते, त्यासाठी मूळ जोडणीचा कागद लागतो. एजन्सीत एक फोन केला की नेमके काय लागेल ते कळते. भरलेला सिलिंडर सामानाच्या गाडीत कोणत्याही परिस्थितीत घालू नये.

या सगळ्यापेक्षा अवघड भाग वेगळाच आहे. तो म्हणजे हात कामात असताना तोंड आवरणे. "हे कशाला ठेवलेस?" हा प्रश्न आपण आईवडील किती सहज विचारतो! ऐकणाऱ्याला मात्र तो प्रश्न वाटत नाही, आपल्या राहणीची हजेरी घेतली जात आहे असे वाटते. तुमच्या मुलाच्या घरात गुंतलेल्या तारांचे एक खोके असेल, एकाच चहाच्या कपाची बशी असेल, न वापरलेली व्यायामाची चटई असेल. ते सगळे त्याला विचारल्याशिवाय टाकू नये आणि टाकावे असे सुचवूही नये. टाकण्याचा निर्णय त्याचा, टाकायला घेतलेले खाली कचऱ्यापर्यंत नेण्याचे काम हवे तर तुमचे. त्याच्या झोपण्याच्या खोलीतले कपाट, पलंगाखालचे आणि न्हाणीघरातले कप्पे त्याने स्वतः आवरावेत. बंद खण बंदच राहू द्यावेत. तो अविवाहित आहे म्हणून त्याच्या घरात खासगी असे काही नसेल, असा समज बहुतेक आईवडिलांचा असतो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

मालकाला फोन करू नये. तुम्ही मास्तर आहात, समवयस्क आहात, तो तुमचा मान राखील, हे सगळे खरे, आणि म्हणूनच करू नये. मान राखण्याच्या भरात तो म्हणेल, "जाऊ द्या मास्तर, थोडे तुम्ही सोडा, थोडे मी सोडतो," आणि तुम्हालाही ते सभ्यपणाचे वाटेल. पण ते 'थोडे' मुलाच्या खिशातले असेल आणि करारावर सही त्याची आहे. शिवाय एकदा वडील बोलले की मालक पुढची प्रत्येक गोष्ट तुमच्याशीच बोलू लागेल, आणि सात वर्षे वेळेवर भाडे भरणाऱ्या माणसाला स्वतःच्याच व्यवहारात बाजूला उभे राहावे लागेल.

मुलाला हवी असेल तर माहिती मात्र जरूर द्यावी. भाडेकरूने जागा मिळाली त्या स्थितीत परत करावी, परंतु वापराने होणारी वाजवी झीज त्यातून वगळावी, हे तत्त्व मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्येच सांगितलेले आहे. त्याचा करार लीव्ह अँड लायसन्सचा असेल तर त्यातील कलमाचे शब्द आधी पाहावेत. रंगकामाबद्दल तेथे काही लिहिलेले असेल तर ते लागू पडते. काही लिहिलेले नसेल तर सात वर्षांत उडालेला भिंतीचा रंग ही झीज नव्हे असे म्हणणे मालकाला कठीण जाईल, विशेषतः पर्यटकांसाठी सजवण्याकरिता तो फ्लॅट त्याला रंगवावा लागणारच आहे. आपल्याकडे करार अकरा महिन्यांचे करतात, कारण नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होते. त्यामुळे सात वर्षांत अशा करारांची चळत झाली असेल. डिपॉझिटची रक्कम आणि जागेचे वर्णन बहुधा पहिल्या करारात सापडेल. ती प्रत शोधून ठेवणे हे रविवारी तुम्ही दोघांनी मिळून करण्यासारखे काम आहे, आणि जुन्या कागदांत तुमचा हात चांगला चालेल.

घर रिकामे झाल्यावर प्रत्येक भिंतीचे, खिडकीचे, नळाचे आणि विजेच्या मीटरवरील आकड्याचे फोटो त्याने दिवसाउजेडी घ्यावेत. वीज खात्याचे बिल मागाहून येते आणि त्यासाठी म्हणून मालक काही रक्कम अडवून ठेवतात, तेव्हा मीटरचा शेवटचा आकडा दोघांनीही पाहिलेला बरा. खिळ्यांची भोके पांढऱ्या पुट्टीने बुजवता येतात, त्याला फारसा खर्च येत नाही आणि वादाचा एक मुद्दा कमी होतो. चाव्या देताना "अमुक तारखेला जागा व चाव्या मिळाल्या, डिपॉझिटपैकी अमुक परत केले, अमुक बाकी" अशी दोन ओळींची पावती मालकाच्या सहीने घ्यावी. त्या वेळी तुम्ही तेथे असाल तर साक्षीदार म्हणून सही करा. बोलणे मुलाला करू द्या, त्याला शब्द शोधायला वेळ लागला तरी.

आषाढाबद्दल तुमच्या पत्नीशी मी वाद घालणार नाही. एवढेच म्हणेन, की भाड्याच्या जागेची वास्तुशांत कोणी करत नाही, आणि भरलेला पाण्याचा कलश आत नेऊन दूध उतू घालायला कोणत्याही पंचांगाची आडकाठी ऐकिवात नाही. सत्यनारायण दिवाळीनंतर घालता येईल. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तो डिचोलीलाच येणार, देव तेथेच आहेत. करार संपण्याची तारीख मात्र आषाढासाठी थांबणार नाही.

आता कपाट. तुमची झोप त्याने उडवली आहे हे पत्रावरून स्पष्ट दिसते, कारण मुलाच्या नोकरीला तुम्ही अर्धी ओळ दिली आहे आणि कपाटाला तीन सबंध वाक्ये.

"तुला योग्य वाटेल ते कर" हे वाक्य मराठी आईवडिलांच्या तोंडी किती वेगवेगळ्या अर्थांनी येते याची यादी केली तर त्यात 'तुला योग्य वाटेल ते कर' हा अर्थ सापडणार नाही. मुलालाही हे ठाऊक आहे. म्हणूनच त्याने अजून ते विकलेले नाही आणि तुम्ही अजून झोपलेले नाही. त्याने तुम्हाला साधा, सरळ प्रश्न विचारला होता. त्याला साधे उत्तर हवे: "वीक", किंवा "विकू नकोस, मी घेऊन जातो." तिसरे उत्तर, म्हणजे "विकू नकोस, पण तूच ठेव", हे तुमच्या मनातले खरे उत्तर आहे असे मला वाटते आणि ते देता येणार नाही. वीस पावलांत संपणाऱ्या फ्लॅटमध्ये एक सबंध भिंत अडवून बसलेले कपाट म्हणजे त्याच्या भाड्याच्या पैशांत तुमच्या आठवणींची राखण होय. देताना ती वस्तू तुम्ही त्याला दिली होती. दिलेली वस्तू कशी सांभाळावी याच्या अटी सात वर्षांनी घालता येत नाहीत.

तेव्हा पहिले काम असे, की आजच आपल्या डिचोलीच्या घरात टेप घेऊन फिरावे. कपाटाची उंची, रुंदी आणि खोली मुलाकडून फोनवर मागून घ्यावी आणि ते कोणत्या भिंतीला लागेल हे पाहावे. दाराची आणि जिन्याच्या वळणाची रुंदीही मोजावी, कारण जुनी कपाटे आत जाताना कशीबशी जातात आणि बाहेर येताना अडतात. भिंत सापडली तर प्रश्न सुटला. मुलाचे सामान चिखलीकडे, दक्षिणेला जाणार आणि कपाट डिचोलीकडे, त्यामुळे एकाच टेम्पोत दोन्ही कामे होणार नाहीत. कपाटासाठी वेगळी गाडी, वेगळा दिवस आणि त्याचे पैसे तुमचे. हा खर्च तुम्हीच करावा, मुलाने देऊ केला तरी घेऊ नये.

जुनी सागवानी कपाटे बहुधा खुंट्यांनी आणि पाचरींनी जोडलेली असतात आणि ती सुटी करता येतात. हे काम हमालांवर सोपवू नये. ओळखीचा सुतार घेऊन जावे, त्याने पाचरी ठोकून काढाव्यात आणि प्रत्येक फळीच्या आतल्या बाजूला तुम्ही खडूने आकडा घालावा: डावी बाजू एक, उजवी बाजू दोन, दारे तीन आणि चार, असे. खुंट्या आणि बिजागऱ्यांचे स्क्रू एका डब्यात ठेवून तो डबा खिशात ठेवावा, टेम्पोत नव्हे. अस्सल सागवान चार थेंबांनी बिघडत नाही, पण पाठीमागची फळी प्लायवुडची असेल तर ती ओलीत फुगते, म्हणून तिला वेगळे प्लास्टिक गुंडाळावे. घरी उभे करताना पायांखाली फरशीचे तुकडे द्यावेत आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे, म्हणजे पावसाळाभर मागे हवा खेळेल आणि वाळवी लागली तर वेळेत दिसेल.

भिंत सापडली नाही तर? मग माझे मत स्पष्ट आहे: विकावे किंवा नात्यातल्या कोणाला तरी द्यावे, पण ते काम तुम्ही करावे. तुमच्या वडिलांच्या वस्तूची किंमत ठरवण्याचे आणि तिचे फोटो काढून अनोळखी लोकांच्या घासाघिशीला उत्तरे देण्याचे काम मुलावर टाकू नये. भाच्या-पुतण्यांपैकी कोणाचे घर नुकतेच झाले असेल तर आधी तेथे विचारावे, फक्त "आमच्या बाबांचे आहे" या ओझ्याशिवाय. ज्याला घ्यायचे असेल तो घेईल. पैसे आले तर ते कोणाचे, हा प्रश्न मुलाला विचारा आणि तो म्हणेल ते मान्य करा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात एका ओळीत उरकली आहे, तिच्याकडे तुमचे लक्ष वेधते. तुमचा मुलगा ते घर सोडत नाही, त्याला ते सोडावे लागत आहे. सात वर्षे ज्या खिडकीत त्याने चहा प्यायला तेथे आता चार दिवसांसाठी येणारे पाहुणे उतरतील. पणजीच्या आसपास नोकरी करणाऱ्या कितीतरी तरुण गोवेकरांवर ही पाळी येत आहे आणि आपल्याच गावात आपल्याला जागा नाही ही बोच ते सहसा घरी बोलून दाखवत नाहीत. "चिखली वेर्ण्याला जवळ, तुझी धावपळ वाचेल" हे तुम्ही त्याला सांगालच आणि ते खोटेही नाही. पण ते सांगण्याआधी, खोकी बांधता बांधता, त्याला ताळगावची जागा कशी मिळाली होती, शेजारी कोण होते, हे एकदा विचारून पाहा. उत्तर लांबले तर लांबू द्यावे. घर रिकामे झाले, चाव्यांचा व्यवहार झाला, की तुम्ही दोघांनी बरणी घेऊन खाली गाडीत जाऊन बसावे आणि दार त्याला एकट्याला लावू द्यावे.

चिखलीला मागोमाग जाऊन स्वयंपाकघर लावून देण्याचा विषय तुम्ही काढू नये. त्याने "चला" म्हटले तर जावे, बरणी आत ठेवावी, दूध उतू घालावे आणि चहा घेऊन निघावे. नवा मालक पोलीस ठाण्यासाठी भाडेकरू पडताळणीचा अर्ज मागेल, बँकेत आणि आधारवर पत्ता बदलावा लागेल, मतदार यादीतले नाव हलवायचे असेल तर नमुना ८ भरावा लागेल. ही सगळी कामे तो सवडीने करील. त्याचे नाव अजून डिचोलीच्याच मतदार यादीत असेल आणि तुम्हाला ते तसेच राहावे असे वाटत असेल, तर त्याबद्दल मी काही बोलत नाही.

कपाटाबद्दलचा फोन मात्र आजच करावा. तो पहिल्याच घंटीला उचलेल न उचलेल. न उचलल्यास निरोप लिहून ठेवावा: कपाट मी नेतो, मापे पाठव, सुतार कोणत्या दिवशी आणू ते सांग. महिनाअखेरीला टेम्पोवाले मिळत नाहीत, आणि पावसात तर त्याहूनही नाहीत.